डोळ्यांपुढचे काजवे



गेल्या वर्षीच्या आखाडातली गोष्ट. गटाची महिन्याची बैठक समाजमंदिरात भरली होती. बाहेर पाऊस, आत लाईट गेलेली. आमच्या गटातल्या मावशी नेहमीप्रमाणे हप्त्याच्या नोटा मोजत होत्या. नाव सांगत नाही. त्यांनीच म्हटलंय, नाव सांगू नका, गोष्ट मात्र सगळ्यांना सांगा. मोजता मोजता त्या थांबल्या. चष्मा काढून पदरानं पुसला, घातला, परत काढला. म्हणाल्या, "काचेवर केस बसलाय का गं? इकडं बघितलं की इकडं येतोय, तिकडं बघितलं की तिकडं." आम्ही चष्मा हातात घेऊन बघितला. काच स्वच्छ होती. मग त्या म्हणाल्या, "आणि अंधारात डोळ्याच्या कडेला काजवे चमकल्यागत होतंय."

आम्ही हसलो. कुणीतरी म्हणालं, "मावशी, सुनेनं काजवे दाखवले वाटतं!" दुसरीनं पोक्तपणानं सल्ला दिला, "मोतीबिंदू असंल. पिकू दे. पिकला की शिबिरात काढून टाकू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशींना बारा वर्षांपासून शुगर आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. बैठकीत त्यांचा बिनसाखरेचा चहा वेगळा होतो, तो आम्हीच करतो. पण त्या चहाचा आणि त्या काजव्यांचा काही संबंध असेल, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. मध्ये त्या तालुक्याला चष्म्याच्या दुकानात जाऊन आल्या. नंबर थोडा वाढला होता, नवा चष्मा मिळाला. आम्ही म्हटलं, झालं काम.

गौरी बसायच्या दोन दिवस आधी, सकाळी चुलीपुढं बसल्या असताना त्यांच्या उजव्या डोळ्यात शाईची दौत सांडावी तसं काळं-लाल पसरलं. दुपारपर्यंत त्या डोळ्यानं दिवा लागलाय की नाही एवढंच कळत होतं. दुखलं मात्र कणभरही नाही.

डोळ्याच्या आत, पडद्यावरची एक रक्तवाहिनी फुटली होती. शहरातल्या डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "काजवे आणि केस दिसायला लागले तेव्हा का नाही आलात?" आम्ही उत्तर दिलं, "मोतीबिंदू पिकायची वाट बघत होतो." हे वाक्य आमच्या तोंडून गेलं आणि आमचं आम्हालाच कसंतरी झालं. घरी येताना एसटीत सगळा वेळ तोच विचार. हे 'पिकू दे' आम्हाला शिकवलं कुणी? बी.ए.ला इतिहास घेऊन आम्ही लढायांच्या सनावळ्या पाठ केल्या होत्या, पण ज्या डोळ्यांनी त्या वाचल्या त्या डोळ्यांचा इतिहास कुणी सांगितला नव्हता. तो मग आम्ही शोधला, डॉक्टरबाईंना विचारून, पुस्तकं मागवून. आज तोच सांगायचा आहे.

'पिकू दे' हे कुणी उगाच म्हणायला लागलेलं नाही. मोतीबिंदू म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागातलं भिंग गढूळ होणं. त्यावरचा उपाय फार जुना. भिंग सुईनं बाजूला सारायची रीत सुश्रुतसंहितेत सांगितलेली आहे. पुढं भिंग कापून काढायची शस्त्रक्रिया आली. त्या जुन्या पद्धतीत भिंग चांगलं कडक झालेलं असेल तर ते नीट निघायचं. म्हणून डॉक्टरच सांगायचे, अजून कच्चा आहे, पिकू द्या. आमच्या आज्यांनी ते ऐकलं, वर्ष-दोन वर्षं थांबल्या, शाळेच्या वऱ्हांड्यात भरलेल्या शिबिरात शस्त्रक्रिया करून घेतली, हिरवी पट्टी बांधून बैलगाडीतून घरी आल्या आणि त्यांना दिसायला लागलं. म्हणजे त्यांच्यासाठी तो सल्ला बरोबरच होता. १९७६ मध्ये आपल्या देशात अंधत्व रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याचाही बहुतेक भर मोतीबिंदूवर राहिला. त्यात चूक काही नव्हती, कारण आंधळेपणाचं सगळ्यात मोठं कारण तेच होतं. आता नव्या पद्धतीत मोतीबिंदू पिकायची वाट बघावी लागत नाही, हा भाग वेगळा. पण आमच्या मनात एक समीकरण पक्कं बसून गेलं: डोळ्याचा आजार म्हणजे मोतीबिंदू, मोतीबिंदू म्हणजे म्हातारपण, आणि म्हातारपणाला घाई कसली?

डोळ्याच्या पडद्याला हे समीकरण लागू पडत नाही.

पडदा म्हणजे काय ते आधी सांगतो. डोळ्याच्या पुढं भिंग, मध्ये अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी पारदर्शक जेली, आणि सगळ्यात मागं, आतल्या भिंतीला चिकटलेला पापुद्र्यासारखा पातळ पडदा. भिंगातून आलेलं चित्र या पडद्यावर उमटतं आणि तिथून मेंदूकडं जातं. भिंग खराब झालं तर बदलता येतं. पडदा बदलता येत नाही.

हजारो वर्षं जिवंत माणसाच्या डोळ्यातला हा पडदा कुणी बघितलाच नव्हता. आपण एकमेकींच्या डोळ्यात बघतो तेव्हा बाहुली काळी दिसते. विहिरीत वाकून बघावं तसा नुसता अंधार. पण रात्री बॅटरी मारली की मांजराचे डोळे चमकतात, म्हणजे आतून उजेड परत येतो, हे लोकांना माहीत होतं. मग माणसाच्या डोळ्यात गेलेला उजेड परत का दिसत नाही? जर्मनीतल्या कोनिग्सबर्ग या गावात हेर्मान हेल्महोल्ट्झ नावाचे एक प्राध्यापक मुलांना हेच शिकवत होते. शिकवता शिकवता त्यांच्या लक्षात आलं की उजेड ज्या वाटेनं आत जातो त्याच वाटेनं परत येतो, म्हणजे दिव्याकडंच जातो. तो बघायचा तर आपला डोळा दिव्याच्या जागी पाहिजे. पण तिथं डोकं नेलं तर दिवाच झाकला जातो. त्यांनी युक्ती केली. दिवा बाजूला ठेवला, मध्ये तिरकी काच धरली, काचेवरून उजेड समोरच्याच्या डोळ्यात पाठवला आणि त्याच काचेतून आरपार आपण बघितलं. पुठ्ठा, डिंक, चष्म्याची भिंगं आणि सूक्ष्मदर्शकाच्या पातळ काचा, एवढ्या सामानावर हे यंत्र तयार झालं. १८५१ मध्ये त्यांनी त्याची माहिती छापली. जिवंत माणसाचा पडदा आणि त्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या लाल रक्तवाहिन्या आता डॉक्टरांना दिसायला लागल्या.

पुढच्या चार-पाच वर्षांतच व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर या डॉक्टरांनी मधुमेही माणसाच्या पडद्यावर वेगळंच काही बघितलं: रक्ताचे ठिपके आणि पिवळसर डाग. कॅमेरा डोळ्याच्या आत जायला अजून अवकाश होता, त्यामुळं येगर बघितलेलं हातानं रंगवत. चित्र काढणारा डॉक्टर होता म्हणून हे सगळं नोंदलं गेलं. पण त्यांचं म्हणणं लगेच कुणी मान्य केलं नाही. त्या काळचे सगळ्यात नावाजलेले नेत्रतज्ज्ञ फॉन ग्रेफ यांनीच शंका घेतली. हे डाग साखरेमुळं कशावरून? हा वाद थोडाथोडका नाही, ऐंशीएक वर्षं चालला. कुणी म्हणे रक्तदाबामुळं, कुणी म्हणे वयामुळं. १९४०च्या दशकात ग्लासगोच्या बॅलन्टाइन यांनी पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांना आलेले फुगे दाखवून दिले, आणि मग हा साखरेचाच आजार आहे हे लोकांच्या गळी उतरलं.

एवढा उशीर का लागला? आम्हाला वाटतं, याचं उत्तर दुःखाचं आहे. ज्या मुलांना आणि तरुणांना लहान वयात साखरेचा आजार व्हायचा, ती डोळे जाण्याएवढी जगतच नव्हती. वर्ष-दोन वर्षांत मुलं झिजून जायची, आणि डॉक्टरांच्या हातात उपासमारीच्या पथ्यापलीकडं काही नव्हतं. मग ११ जानेवारी १९२२ ला कॅनडातल्या टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. ते पुरेसं शुद्ध नव्हतं. बारा दिवसांनी शुद्ध करून परत दिलं आणि त्याची साखर उतरली. फ्रेडरिक बॅन्टिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. पुढच्याच वर्षी बॅन्टिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल मिळालं. शोधाचे हक्क या मंडळींनी एक-एक डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले.

इन्शुलिननं मुलं वाचली, मोठी झाली, त्यांची लग्नं झाली. आणि पंधरा-वीस वर्षांनी, ऐन तिशीत, त्यांचे डोळे जायला लागले. जीव वाचला म्हणून हा आजार दिसायला लागला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुढारलेल्या देशांत कामाच्या वयातल्या माणसांना आंधळं करणारा हा एक मोठा आजार होऊन बसला होता, आणि उपाय कुणाकडंच नव्हता.

आता एका बाईची गोष्ट. तिचं नाव आम्हाला सापडलं नाही, इतिहासात बायांचं असं होतंच. ती डेन्मार्ककडची, मधुमेही, पडद्यावर आजार. बाळंतपणानंतर तिच्या मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी निकामी झाली. अतिरक्तस्रावानंतर असं होऊ शकतं. ती बाई आजारी पडली, पण तिच्या पडद्यावरचा आजार मात्र ओसरत गेला. १९५३ मध्ये पोल्सन या डॉक्टरांनी हे छापलं. वाचून डॉक्टरांना वाटलं, वाट सापडली! मग १९५० आणि १९६०च्या दशकांत अनेक देशांत मधुमेही रुग्णांची ही ग्रंथीच काढून टाकायचे किंवा जाळायचे. काहींची नजर वाचलीही. पण ही ग्रंथी शरीरातल्या कितीतरी गोष्टींची मुकादम असते. ती गेली की आयुष्यभर औषधांवर जगायचं, साखर एकदम खाली घसरायची, काही जण शस्त्रक्रियेतच दगावले. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच. तरीही माणसं ती शस्त्रक्रिया करून घेत होती. नजर जाण्याची भीती किती मोठी असते, ते यावरून कळतं. मावशींना त्या दोन दिवसांत आम्ही बघितलंय, त्यामुळं आम्हाला याचं नवल वाटलं नाही.

खरी वाट निघाली ती ग्रहणातून. ९ जुलै १९४५ ला सूर्यग्रहण होतं. जर्मनीत एका विद्यार्थ्यानं ते उघड्या डोळ्यांनी बघितलं आणि त्याच्या पडद्याच्या बरोबर मध्यावर भाजल्याचा व्रण उठला. गेर्ड मायर-श्विकेराथ या तरुण डॉक्टरनं तो डोळा तपासला. तपासताना त्याच्या मनात आलं, सूर्याचा उजेड पडदा जाळतो, तर मग हवं तिथं, हवं तेवढंच जाळून पडद्याची भोकं चिकटवता येतील का? त्यानं हाम्बुर्गच्या दवाखान्याच्या गच्चीवरून आरसे लावून सूर्यप्रकाश खाली आणला आणि रुग्णाच्या डोळ्यात सोडला. उपाय लागू पडायला लागला. अडचण एकच, हाम्बुर्गला ढगच फार. ढग आले की उपचार बंद. मग त्यानं विजेच्या प्रखर दिव्यांचं यंत्र करवून घेतलं. (जाता जाता: ग्रहणात गरोदर बाईनं भाजी चिरू नये, बाहेर पडू नये, याला काही आधार नाही. पण सूर्याकडं उघड्या डोळ्यांनी बघू नये, हे मात्र सोळा आणे खरं, आणि ते गरोदर बाईइतकंच तिच्या नवऱ्यालाही लागू आहे.)

१९६० मध्ये अमेरिकेत मेमन या शास्त्रज्ञानं पहिला लेझर पेटवला. सुईच्या टोकाएवढा बारीक, सरळ, तीव्र उजेड. डोळ्याच्या डॉक्टरांनी तो लगेच उचलला. तो नेमका कुठं मारायचा, हे कळलं ते बॉस्टनच्या बीथम आणि आयेलो या दोन डॉक्टरांच्या निरीक्षणामुळं. त्यांना दिसलं की ज्या मधुमेही माणसांच्या पडद्यावर आधीच कसले तरी जुने व्रण आहेत, त्यांच्या डोळ्यात हा आजार कमी वाढतो. उलटंच वाटतं ना ऐकायला? पण आमच्या भागातल्या बायांना हे पटकन कळेल. दुष्काळात बागेतलं पाणी पुरेनासं झालं की काय करतो आपण? कडेच्या ओळी काढून टाकतो, मधली झाडं जगवतो. साखरेनं पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बुजतात. पडदा उपाशी पडतो आणि रक्तासाठी हाका मारतो. त्या हाकेला ओ देऊन नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पण कच्च्या, पावसाळ्यातल्या पालवीसारख्या लुसलुशीत. जरा ताण आला की तुटतात आणि डोळ्यात रक्त सांडतं. लेझरनं पडद्याच्या कडेला शेकडो बारीक ठिपके भाजले की तेवढ्या भागाची भूक संपते, हाका कमी होतात, नव्या रक्तवाहिन्या सुकतात. कडेची थोडी नजर द्यायची आणि मधली वाचवायची, असा हा सौदा.

सौदा फायद्याचा आहे हे सिद्ध करायला अमेरिकेत सतराशेहून जास्त रुग्णांवर मोठी तपासणी झाली. प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेझर द्यायचा, दुसरा नुसता बघत राहायचा. कुठला डोळा कशात, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं. १९७६ मध्ये निकाल आला. दोन वर्षांत लेझर न दिलेल्या शंभर डोळ्यांतले सुमारे सोळा जवळपास आंधळे झाले होते, लेझर दिलेल्यांतले सुमारे सहा. फरक इतका मोठा होता की तपासणी अर्धवट ठेवून दुसऱ्या डोळ्यांनाही उपचार द्यायचं ठरलं. हा निकाल वाचताना आम्हाला त्या दुसऱ्या डोळ्यांचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण ती माणसं तयार झाली नसती तर मावशींच्या डाव्या डोळ्याचं काय करायचं, हे आज कुणाला माहीत नसतं.

लेझर गेलेली नजर परत आणत नाही. जी आहे ती राखतो. म्हणून तो लवकर द्यावा लागतो, आणि तिथंच आमचे काजवे येतात.

डोळ्यापुढं तरंगणारे केस, माश्या, कोळ्याचं जाळं हे माणसाला फार जुन्या काळापासून दिसत आलंय. युरोपातल्या डॉक्टरांनी त्याला लॅटिनमध्ये नावच 'उडत्या माश्या' असं दिलं होतं. ते असतात डोळ्यातल्या जेलीत, आणि त्यांची सावली पडद्यावर पडते. म्हणून नजर फिरली की तेही फिरतात. काजव्यांचं कारण वेगळं. वय वाढलं की जेली आक्रसते आणि पडद्यापासून सुटायला लागते. सुटताना कुठं चिकटलेली असेल तर पडदा ओढते. पडद्याला दुखणं माहीत नाही, त्याला वेदनेच्या नसाच नाहीत. त्याला एकच भाषा येते, उजेडाची. ओढलं की तो उजेड दिसल्याचं सांगतो. ते काजवे म्हणजे पडद्याची ओरड असते.

ही ओरड डॉक्टरांनाही लगेच कळली नव्हती, हे वाचून आम्हाला जरा धीर आला. लंडनच्या फॉस्टर मूर यांनी १९३५ मध्ये या विजेसारख्या रेघांचं नीट वर्णन केलं, पण त्यांच्या मते त्यात काळजीचं विशेष काही नव्हतं. पुष्कळांच्या बाबतीत ते खरंही आहे. साठीच्या आसपास, जाड चष्मा असेल तर त्याही आधी, असं होतं आणि निभावतं. पण काही जणांच्या पडद्याला त्या ओढीनं भोक पडतं, भोकातून पाणी मागं शिरतं आणि पडदा भिंतीवरच्या ओल्या पोपड्यासारखा सुटतो. स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावच्या झ्यूल गोनँ यांनी शंभर वर्षांपूर्वी हे ओळखलं आणि तापल्या सुईनं भोक बंद करायची शस्त्रक्रिया सुरू केली. त्याआधी पडदा सुटला की महिनोन् महिने अंथरुणावर निजवून ठेवायचे आणि बहुतेकांची नजर जायचीच. सगळ्या जगानं गोनँना मानायला दहा वर्षं लागली.

साखरेच्या रुग्णात काजवे आणि केस यांचा अर्थ आणखी गंभीर होऊ शकतो. त्या कच्च्या रक्तवाहिन्या जेलीला धरून वाढतात. जेली ओढली की त्या तुटतात आणि बारीक रक्त सांडतं. तेच केसासारखं, काजळीसारखं दिसतं. मावशींना दिसलेला केस म्हणजे मोठ्या स्रावाआधी सांडलेले थेंब होते, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आमच्याकडं दोन महिने होते.

मावशींच्या उजव्या डोळ्यातलं रक्त तीन महिन्यांतही निवळलं नाही. मग शस्त्रक्रिया झाली. डोळ्याला बारीक छिद्रं पाडून आतली गढूळ जेली कापून शोषून घेतात आणि जागी स्वच्छ पाणी भरतात. हे पहिल्यांदा केलं रॉबर्ट माखेमर यांनी, १९७० मध्ये अमेरिकेतल्या मायामीला. त्याआधी डोळ्याच्या आतल्या जेलीला हात लावायचा नाही, असाच दंडक होता. त्यांनी आपलं कापायचं-शोषायचं हत्यार आधी अंड्यातल्या पांढऱ्या भागावर चालवून बघितलं होतं. हे मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हंजी माझ्या डोळ्याचं आम्लेट केलं म्हणा की." उजव्या डोळ्यानं त्यांना आता माणसाचं तोंड ओळखू येतं, अक्षर वाचता येत नाही. डाव्या डोळ्यात आजार होता पण रक्त सांडलं नव्हतं. त्याला तीन वेळा बोलावून लेझर दिला. तो डोळा शाबूत आहे. नोटा त्याच मोजतो. अलीकडं डोळ्यात द्यायची इंजेक्शनंही निघालीत, पडद्याच्या त्या हाका दाबणारी. काहींना ती लागतात. घाबरायला होतं, पण आमच्या ओळखीच्या दोघीजणी घेऊन आल्या, म्हणतात सुई कळली पण नाही.

या सगळ्या इतिहासात आम्हाला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट कुठल्या यंत्राची नाही. इंग्लंडमध्ये २००३ पासून साखरेच्या रुग्णांना, त्रास असो नसो, पडद्याचा फोटो काढायला बोलावायचं काम सुरू झालं. २०१४ मध्ये छापून आलं की इंग्लंड आणि वेल्समध्ये हा आजार पन्नास वर्षांत पहिल्यांदा कामाच्या वयातल्या लोकांच्या आंधळेपणाच्या कारणांत पहिल्या क्रमांकावर राहिला नाही. आजार तोच, लेझर तोच जुना. फक्त त्रासाची वाट बघणं बंद केलं. आपल्या देशात २०२२ साली छापलेल्या एका मोठ्या पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेही माणसांत दर आठांमागं एकाच्या पडद्यावर आजार सापडला. आपल्या दहा-बारा जणींच्या गटात साखरेच्या दोघी-तिघी असतात. गावातले गट मोजा आणि हिशोब तुम्हीच करा.

म्हणून आता कामाचं बोलतो. शुगर निघाली त्याच वर्षी पडदा तपासायचा, कारण आपल्याकडची साखर पुष्कळदा कळायच्या आधी कितीतरी वर्षं अंगात असते. त्यानंतर काही होत नसलं तरी वर्षातून एकदा. शुगर असलेल्या बाईला दिवस राहिले तर लगेच आणि पुन्हा मध्ये. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडद्याची तपासणी नाही. मावशी तिथंच फसल्या. बाहुली मोठी करायचे थेंब घालून किंवा कॅमेऱ्यानं डोळ्याच्या मागचा फोटो काढून बघतात, ती खरी तपासणी. साखर आणि बीपी दोन्ही ताब्यात ठेवलं तर पडदा पुष्कळ वाचतो. हे १९९३ आणि १९९८ च्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसलंय, त्यामुळं बीपीची गोळी "बरं वाटतंय" म्हणून सोडू नका.

आणि एकाएकी नवे केस, माश्या, काजळी दिसायला लागली, काजवे चमकायला लागले, किंवा एका कडेनं पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डोळ्याचे डॉक्टर गाठायचे. कापणी आहे, लग्न आहे, पाहुणे आहेत, हे नंतर. एक फरक लक्षात ठेवा. उठताना चक्कर येऊन डोळ्यांपुढं अंधारी येते किंवा साखर उतरून घाम सुटतो, दिसेनासं होतं, ते वेगळं. साखर उतरली असेल तर आधी गूळ-साखर तोंडात टाका, मग तपासायला जा.

आमच्या गटाच्या वहीत हप्ता, व्याज, दंड असे रकाने होते. आता एक रकाना वाढवलाय: 'पडदा'. शुगर असलेल्या बाईच्या नावापुढं तपासणीची तारीख लिहायची, नसेल तर रिकामं दिसतं आणि बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं जातं. सुरुवातीला दोघीजणी रुसल्या. एकीचा नवरा म्हणाला, दुखत नाही तर कशाला पैसे घालवता. त्याला मावशींकडं पाठवलं. पुढच्या बुधवारी सातजणी जाणार आहेत. जीपचं भाडं गटातून, थेंबांमुळं परत येताना तीन-चार तास धूसर दिसतं म्हणून सोबत एक माणूस लागतो. मावशी म्हणाल्या, मी येते. दवाखान्यातला रस्ता, कुठल्या खिडकीवर केसपेपर मिळतो आणि कुठल्या बाकावर पंखा चालतो, हे त्यांना पाठ आहे.